माझा 'ळ' चुकतो, मी मुलांना वाचून दाखवू का?

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून आलेलं हे पत्र. ओळख पटेल असे तपशील काढून ते थोडक्यात देत आहोत.

लिहिणाऱ्या ताई 38 वर्षांच्या, बी.ए. झालेल्या. घरी कपाशी-सोयाबीनचं वावर आहे. गेलं दीड वर्ष त्या दर बुधवारी दुपारच्या जेवणानंतर गावच्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीच्या 25 मुलांना गोष्टीची पुस्तकं वाचून दाखवतात, आणि रविवारी संध्याकाळी समाज मंदिरात जमतील त्या पोरांना. त्यांना कोणी नेमलेलं नाही, मानधनही नाही. सुरुवातीला त्या पुस्तक हातात धरून गोष्ट वऱ्हाडीतच सांगायच्या. दिवाळीत गावचेच, पण नागपूरला राहणारे एक निवृत्त गृहस्थ आले. त्यांनी आवाज बदलून, हातवारे करून अशी गोष्ट वाचली की मुलं जागची हलली नाहीत. मग गुरुजी ताईंना म्हणाले, "असं वाचायला पाहिजे. तुमच्या तोंडी 'ण'चा 'न' होतो, 'ळ'चा 'य' होतो. मुलांचं शुद्धलेखन बिघडेल." तेव्हापासून ताई नुसतं छापील वाचतात, घाबरत वाचतात, आणि मुलं चुळबुळ करतात. प्रत्येक गोष्टीवर पाच प्रश्न विचारून उत्तरं वहीत लिहून घ्या, असंही गुरुजींनी सांगितलं आहे. कोलाम आदिवासींच्या पोडावरून, म्हणजे वस्तीवरून, येणारी 7-8 मुलं दाराजवळ बसतात. त्यातली एक मुलगी दीड वर्षात एक शब्द बोललेली नाही. घरी सासूबाई म्हणतात, वेचणीच्या दिवसांत या लष्कराच्या भाकऱ्या कशाला भाजायच्या? ताई विचारतात, "शाळेतलं सोडून फक्त समाज मंदिरात वाचू का? का पुरतंच थांबू?"

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यात तुम्ही सहज लिहून गेलेली एक ओळ आहे: "आता पुस्तक उघडलं का मले पयले ळ दिसते, गोष्ट मांगून दिसते." सगळ्या पत्रात मला हीच ओळ जास्त लागली. तुम्ही शाळा की समाज मंदिर असं विचारलंय, पण अडलंय ते इथे, म्हणून इथूनच सुरुवात करते.

गुरुजींच्या बोलण्यात दोन गोष्टी एकात एक मिसळल्या आहेत. एक उच्चाराची, दुसरी भाषेची. आधी उच्चाराचं पाहू. बुधवारच्या वीस मिनिटांनी कोणाचं शुद्धलेखन बिघडत नाही. तुमच्या गावातलं पोर सकाळी उठल्यापासून 'पानी', 'लोनी', 'डोये', 'काया' हेच ऐकतं आणि बोलतं. घरात, वावरात, खेळताना. त्याच्या कानावर वऱ्हाडी काही तुमच्यामुळे पडत नाही. 'पाणी' कसं लिहायचं ते त्याला डोळ्यांनी पाहून आणि हातानं गिरवून येणार, आणि त्यासाठी छापलेलं पान वरचेवर त्याच्यासमोर उघडलं जायला हवं. ते तुम्ही करताच आहात.

तरी उच्चारावर मेहनत घेऊच नये असं मी म्हणत नाही. बुधवारचं पुस्तक मंगळवारी रात्री दोनदा मोठ्यानं वाचा. जिथे जीभ अडखळते त्या 'ण'खाली, 'ळ'खाली पेन्सिलीनं बारीक ठिपका द्या. महिन्या-दोन महिन्यांत जिभेला वळण लागेल. आणि मुलांसमोर वाचताना निसटलाच एखादा 'ळ', तर मागे फिरून दुरुस्त करत बसू नका. तुम्ही थांबलात की गोष्ट थांबते, आणि मुलांना त्या 'ळ'शी काही देणंघेणं नसतं.

भाषेबद्दल मात्र मला गुरुजींच्या बाजूनं थोडं बोलायचं आहे.

माझं लहानपण अमरावती जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेलं. श्रावणात मारुतीच्या देवळात पोथी लागायची. एक जण ओव्या वाचायचा आणि दुसरा अर्थ सांगायचा. वाचणारा ओवीतला एक शब्दही इकडचा तिकडे करत नसे. सांगणारा मात्र अस्सल वऱ्हाडीत, धुऱ्यावरच्या भांडणांचे आणि ढोरावासरांचे दाखले देत सांगायचा. आमच्याकडे अर्थ सांगणारे जे आजोबा होते, त्यांना अक्षरओळख नव्हती. पण त्यांनी इतके श्रावण ऐकून काढले होते, की ओवी कानावर पडली की अर्थ त्यांच्या तोंडी तयार असे. पोथीची भाषा त्यांना कानानं आली होती. बुद्ध विहारांतही वर्षावासात, आषाढी पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत, बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं. तिथेही एक जण वाचतो, बाकीचे ऐकतात आणि मग त्यावर बोलणं होतं. तुमच्या गावात यातलं काहीतरी असणारच. तुम्ही शाळेत जे करता ते याच रीतीतलं आहे. तुमच्यापुढे बसलेले लहान आहेत, एवढाच फरक.

म्हणून माझं सांगणं असं आहे: पुस्तकातली ओळ जशी छापली आहे तशीच वाचा, आणि तिच्याबद्दल बोलायचं ते मनसोक्त वऱ्हाडीत बोला. दोन्ही हवं, फक्त कुठे वाचणं संपलं आणि कुठे बोलणं सुरू झालं ते मुलांना कळू द्या. वाचताना नजर पुस्तकात, बोलताना नजर मुलांकडे, इतकंही पुरतं.

छापलेलं तसंच का वाचायचं? छापील मराठी कोणाच्याच घरातली नसते. पुण्याच्या मुलाच्याही नसते. 'इतक्यात', 'परंतु', 'तो मनाशी म्हणाला', 'जसजसा अंधार पडू लागला तसतशी' असं घरी कोण बोलतं? ही वळणं कानावर पडतात ती पुस्तकातूनच. ज्या मुलानं ती पुष्कळदा ऐकलेली असतात, त्याला पुढे स्वतः वाचायला बसल्यावर वाक्य कुठल्या बाजूला वळणार याचा अंदाज येतो. ज्यानं ऐकलेलीच नसतात, ते अक्षराला अक्षर जोडत जातं आणि वाक्याच्या शेवटी पोचेपर्यंत सुरुवात विसरलेलं असतं. पहिलं वर्षभर तुम्ही सगळी गोष्ट वऱ्हाडीत सांगितलीत, तेव्हा मुलांना गोष्ट मिळाली पण ही वळणं राहून गेली. दिवाळीपासून नुसतं छापील वाचताय, तर वळणं कानावर पडतात पण ती उलगडून सांगणारी ताई गप्प झाली. मुलं चुळबुळ करतात ती म्हणून. त्यांना तुमचा कंटाळा आलेला नाही, ताई. तुम्ही बोलत नाही याचा आला आहे.

समजा चित्रात पेरू आहे. तुम्ही वाचलं, 'झाडावर पेरू लागले होते.' एखादं पोट्टं ओरडणारच, "जाम!" त्याला चूक म्हणू नका. "हाव, जामच हाय. पुस्तकात त्याले पेरू म्हणते," एवढं बोला आणि पुढची ओळ वाचा. कोथिंबीर आली की आपला सांबार, बटाटा आला की आलू, शेत आलं की वावर. याला पाच सेकंद लागतात, पण त्या पाच सेकंदांचं मोल फार आहे. न्यूझीलंडमध्ये वॉरविक एली यांनी 7-8 वर्षांच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवून हेच तपासलं होतं. त्यांचा अभ्यास 1989 साली प्रसिद्ध झाला. काहीही न समजावता नुसती गोष्ट वाचली, तरी मुलांना नव्या शब्दांपैकी साधारण 15 टक्के शब्द येऊ लागले. वाचता वाचता शब्दाचा अर्थ थोडक्यात सांगितला, तेव्हा हे प्रमाण 40 टक्क्यांच्या आसपास गेलं. तुमच्या मुलांसाठी तो थोडक्यात अर्थ वऱ्हाडीतच असणार. तुम्ही जिला लाजताय तीच तुमची बोली इथे कामाला येते.

एलींच्या अभ्यासात मुलांनी तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली होती. आपल्याकडे वाचणाऱ्यांना वाटतं की दर वेळी नवं पुस्तक न्यायला हवं, नाहीतर मुलं कंटाळतील. मला तसं वाटत नाही. एक पुस्तक तीन बुधवार वाचा. पहिल्यांदा मुलं पुढे काय होणार ते ऐकतात, दुसऱ्यांदा शब्द ऐकतात, तिसऱ्यांदा तुमच्याबरोबर म्हणू लागतात. सोयाबीन सोंगायच्या आणि कापूस वेचायच्या दिवसांत अर्धी मुलं आईबापासोबत वावरात असतात. त्यांचा एक बुधवार बुडाला तरी गोष्ट बुडत नाही.

आता पाच प्रश्न आणि वही. गुरुजींची बाजू समजून घ्या. दोन शिक्षकांवर चार वर्ग असतील, आणि 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानानुसार तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे. त्यासाठी 2026-27 पर्यंतची मुदत ठरलेली आहे. त्यांना वर काहीतरी दाखवावं लागतं. पण ती वही तुम्ही हातात घेतलीत की मुलं गोष्ट ऐकणं सोडून उत्तरं शोधू लागतील. हे मी अनुभवानं सांगते. वर्धा जिल्ह्यातल्या एका शाळेत मी वाचायला जायची, तेव्हा दर पानानंतर "समजलं का?" असं विचारायची. तिसरीतला एक मुलगा शेवटी हात जोडून म्हणाला, "बाई, गोष्ट होऊ द्या ना आंधी." त्या दिवसापासून मी पान उलटताना गप्प राहायला शिकले.

वही गुरुजींनी ठेवावी, वाचन तुम्ही करावं. त्यांना असं सांगून पाहा: "गुरुजी, तुमचं म्हणनं मी मनावर घेतलं. आता छापलं तसंच वाचतो, घरून तयारी करून येतो. पन प्रश्न-उत्तरं तुमच्या तासाले घ्या. माह्या तासाले पोरं नुसती आयकू द्या. तुमीबी येऊन बसा एखाद्या दिवशी." यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. शिक्षक मुलांमध्ये बसून गोष्ट ऐकतात तेव्हा मुलांना कळतं की ही वेळ घालवायची गंमत नव्हे. आणि गुरुजींनाही दिसेल की कोणतं मूल कोणत्या शब्दाला हसतं. पाच प्रश्नांच्या उत्तरांतून त्यांना हे कळणार नाही. त्यांना एखादा लेखी आधार हवा असेल, तर अमेरिकेतल्या वाचन आयोगाचा 1985 चा अहवाल आहे. पुढे यशस्वी वाचक होण्यासाठी जे ज्ञान लागतं ते घडवणारी सर्वांत महत्त्वाची एक कृती म्हणजे मुलांना मोठ्यानं वाचून दाखवणं, असं त्यात म्हटलं आहे, आणि ते फक्त लहान वर्गांपुरतं ठेवू नका असंही.

तुम्हाला बोलायचंच असेल, तर प्रश्न असा करा ज्याचं उत्तर तुम्हालाही माहीत नाही. "तू असती त काय केलं असतं?" "तुमच्या घरी असं झालं का कधी?" आणि तात्पर्य विचारू नका. मुलांना तात्पर्य विचारलं की ती "खोटे बोलू नये" म्हणून मोकळी होतात, मग गोष्ट कशाचीही असो.

आता दाराजवळची मुलं. मला सर्वांत जास्त याबद्दल बोलायचं आहे.

तुम्ही लिहिलंय, "मी आमच्या भाषेत सांगितलं तरी ते पोरं आयकत नाही." 'आमच्या' या शब्दावर जरा थांबा. महाराष्ट्रात आदिम म्हणून नोंदलेल्या तीन जमातींपैकी कोलाम एक. कातकरी आणि माडिया गोंड या दुसऱ्या दोन. कोलामी ही मराठीची बोली नाही. ती गोंडी-तेलुगूसारखी द्रविड कुळातली वेगळी भाषा आहे. पोडावरच्या मुलीला वऱ्हाडी ही शाळेच्या वाटेवर भेटणारी भाषा आहे, आणि छापील मराठी त्याच्याही पलीकडे. गुरुजींनी तुमच्या भाषेला नाव ठेवलं तेव्हा तुम्हाला जसं वाटलं, आपण तोंड उघडलं तर चुकेल, तसं त्या मुलीला रोज वाटत असेल. तिची अवस्था समजायला तुमच्याइतकं जवळचं माणूस त्या शाळेत दुसरं नाही.

दुसरी भाषा शिकणारी मुलं कित्येकदा महिनोन् महिने बोलत नाहीत. या काळात ती ऐकत असतात, साठवत असतात. तेव्हा ती बोलत नाही म्हणजे तिला काही कळत नाही असं धरू नका, आणि तिला उभं करून "सांग बरं" असं तर कधीच म्हणू नका. त्याऐवजी तिच्याकडे नुसतं लक्ष ठेवा. पान उलटायच्या आधी तिची नजर पानाच्या कडेला जाते का? विनोदाच्या जागी ती इतरांच्या मागून हसते की इतरांबरोबर? मागून हसत असेल तर ती दुसऱ्यांची तोंडं पाहून हसते आहे. बरोबर हसू लागली, की समजा गोष्ट तिच्यापर्यंत पोचली. ही नोंद तुमच्या मनात ठेवा, हवं तर घरी तारखेसह लिहून ठेवा.

मुलं दाराजवळ बसतात कारण तिथून घरची वाट दिसते. त्यांना पुढे या म्हणू नका. पुढच्या बुधवारी तुम्हीच पुस्तक घेऊन दाराजवळ बसा, बाकीची मुलं आपोआप तिकडे तोंड करतील. चित्रं मोठी आणि मजकूर थोडा असलेलं पुस्तक निवडा. आणि पोडावरच्या सगळ्या मुलांना मिळून विचारा, एकटीला नको: "पाण्याला तुम्ही काय म्हणता? चुलीला? वाघाला?" शब्द फळ्यावर देवनागरीत लिहा, तुम्ही स्वतः मोठ्यानं म्हणा. तुमचा उच्चार चुकेल आणि ती मुलं तुम्हाला सुधारतील. तसं होऊ द्या. दुसरं कोणी त्या शब्दांना हसलं, तर मात्र तिथल्या तिथे थांबवा, नजरेनं नव्हे, शब्दांनी.

जमलं तर आणखी एक करा. पोडावर आठवी-नववीत जाणारी एखादी मुलगी असेल. शनिवारी किंवा सुट्टीत तिला बोलवा. एक पान तुम्ही मराठीत वाचा, त्याच पानाची गोष्ट तिनं कोलामीत सांगावी, मग पुढचं पान. माझ्या पोथीच्या देवळात जशी दोन माणसं लागायची, तशी ही जोडी. महिन्यातून एखादी संध्याकाळ पोडावर जाऊनच वाचा, पोडातल्या मोठ्या माणसांना विचारून. तिथे ती मुलं घरची आणि तुम्ही पाहुण्या, आणि त्या मुलीचं बसणं-हसणं तिथे वेगळंच दिसेल. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्येही शक्य असेल तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवण्याचं म्हटलं आहे, तेव्हा गुरुजींना यात नियमबाह्य काही वाटायला नको.

हे वाचणाऱ्यांपैकी जे मेळघाटात कोरकू मुलांना, भामरागडकडे माडिया मुलांना किंवा बंजाऱ्यांच्या तांड्यावर गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना वाचून दाखवतात, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे.

नागपूरच्या गृहस्थांचं फार मनावर घेऊ नका. त्यांनी मनापासून वाचलं, मुलांना आनंद दिला, ते चांगलंच झालं. पण रंगून केलेल्या वाचनात मुलं वाचणाऱ्याकडे बघतात, आणि साध्या वाचनात पुस्तकाकडे. मला विचाराल तर पहिली-दुसरीच्या मुलांची नजर पुस्तकावर असलेली बरी. त्यांच्यासारखे आवाज काढायला जाऊ नका, सावकाश वाचा, भीतीच्या जागी आवाज खाली आणा, तेवढं पुष्कळ झालं. त्यांना फोन करा आणि येताना पुस्तकं आणायला सांगा. ते दिवाळीला येतील. तुम्ही तर दर बुधवारी आहात, आणि ज्या मुलाच्या घरी पुस्तक नाही त्याच्यासाठी ठरल्या दिवशी ठरलेलं माणूस येणं ही साधी गोष्ट नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. समाज मंदिरात वाचणं सोपं आहे. तिथे गुरुजी नाहीत, वही नाही, 'ळ' कोणी मोजत नाही. पण तुम्हीच लिहिलंय की पोड गावापासून दोन किलोमीटर आहे आणि रविवारी संध्याकाळी तिथली मुलं येत नाहीत. शाळेतलं वाचन तुम्ही सोडलंत, तर गावातल्या मुलांना रविवार उरेल. दाराजवळच्या मुलांना काहीच उरणार नाही. एवढ्या एका कारणासाठी मी तुम्हाला शाळा सोडू नका असं म्हणते. दोन्हींपैकी एक कमी करायचंच असेल तर रविवार कमी करा. वेचणीच्या दिवसांत रविवार पूर्ण बंद ठेवा, पण मुलांना आधी सांगा, "संक्रांतीनंतर पुन्हा सुरू," आणि सांगितलेल्या दिवशी या. न सांगता बुडालेला एक दिवस मुलं फार दिवस लक्षात ठेवतात.

सासूबाईंचं बोलणं टाकून देऊ नका. वेचणीत एका माणसाची मजुरी म्हणजे घरात येणारा पैसा, आणि तुम्ही बुधवारी दुपारभर वावरात नसता याचा भार कोणावर तरी पडतो. तुमचं वाचन वीस मिनिटांचं आहे, जाणं-येणं धरून तासाभराचं. बाकीचा वेळ कुठे जातो ते एकदा त्यांच्यासोबत बसून पाहा. आणि भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींच्या गाण्यांची भुलाबाई बसते, तेव्हा त्यांना समाज मंदिरात न्या. त्यांच्या तोंडची गाणी मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून भिंतीला लावा आणि मुलींना म्हणताना त्या ओळीवर बोट ठेवायला लावा. शब्द पाठ असतात, त्यामुळे अक्षर ओळखायला सोपं जातं. त्या दिवशी वाचून घेण्याचं काम सासूबाई करतील. त्यानंतर त्या काय म्हणतात ते पाहू.

तुमच्यासारखं वाचायला सुरुवात करू पाहणाऱ्या इतरांसाठी थोडं व्यवहाराचं. शाळेत वाचायचं असेल तर मुख्याध्यापकांच्या तोंडी होकारावर राहू नका. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, आणि समितीत निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. त्या बैठकीत आपला वार आणि वेळ लिहून घ्या. मग शिक्षकांची बदली झाली तरी तुमचा बुधवार टिकतो. शनिवारी शाळेत 'आनंददायी शनिवार' हा उपक्रमांचा दिवस असतो, त्यातही वेळ मागता येते. मुलांबरोबर एकट्या खोलीत बसू नका, दार उघडं आणि दुसरं एक मोठं माणूस जवळपास, हा नियम स्वतःच पाळा. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय व्हॉट्सॲपवर टाकू नका. 25 मुलांना एका पुस्तकातली चित्रं दिसत नाहीत, बारा-तेराचे दोन गट करा, पंधरा-पंधरा मिनिटं.

पुस्तकं कुठून आणायची, असं फार जण विचारतात. आधी शाळेचंच कपाट उघडायला सांगा. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवं आणि त्यात गोष्टीची पुस्तकंही हवीत असं लिहिलेलं आहे, आणि कित्येक शाळांत चांगली पुस्तकं फाटतील या भीतीनं कुलपात पडलेली असतात. फाटू द्या, खळ आणि कागद घेऊन मुलांसोबत चिकटवा. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली अनुदान मिळणारं सार्वजनिक वाचनालय जवळच्या गावात किंवा तालुक्याला असेल, तिथे बालविभागाची चौकशी करा. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतं, त्याचे जुने अंक इंटरनेटवर मोफत वाचता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या मोफत संकेतस्थळावर मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत, आणि त्या छापून घ्यायला परवानगी आहे. गावच्या ऑनलाइन सेंटरवर एक गोष्ट छापून, शिवून पुस्तक करा. मोबाइलच्या पडद्यावरून 25 मुलांना वाचून दाखवू नका.

आणि सुट्टी. आपल्याकडे विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, उन्हाळा लांबच लांब असतो. मे महिन्यात ऊन उतरल्यावर पारावर किंवा कडुनिंबाखाली बसून वाचायला कोणाची परवानगी लागत नाही.

ताई, पुढच्या बुधवारी नवं पुस्तक नेऊ नका. दिवाळीच्या आधी मुलांना ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त हसू आलं होतं, तीच घ्या. मंगळवारी रात्री दोनदा वाचा, दाराजवळ बसा, पहिली ओळ छापली आहे तशी वाचा आणि मग मान वर करून जे सुचेल ते वऱ्हाडीत बोला. त्या मुलीचं काय झालं ते मला कळवा. ती बोलली नाही तरी कळवा.